एसी चालू, पण गारवा गायब! कॉइल साफ करणं इतकं महत्त्वाचं का असतं?

मे महिन्यातली दुपार. सिरोंच्यातल्या एखाद्या औषध दुकानात एसी सुरू आहे, रिमोटवर २४चा आकडा दिसतोय, तरी काउंटरमागच्या माणसाला घाम फुटलाय. त्याच्या पाठीमागच्या कपाटात ‘२५ अंशांखाली ठेवा’ असं छापलेली औषधं आहेत. अशा वेळी पहिला अंदाज ठरलेला असतो, ‘गॅस संपला असेल.’ पण अनेकदा खरं कारण असतं धुळीने भरलेली कॉइल.

सिरोंचा हे गडचिरोली जिल्ह्याचं दक्षिण टोक. प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमाजवळचं हे गाव, नदीपलीकडे तेलंगणा. जिल्ह्याचं मुख्यालय सुमारे २०० किलोमीटरवर. बँक, एटीएम, दवाखाना किंवा दुकानातला एसी ऐन उन्हाळ्यात बंद पडला आणि सुटा भाग बाहेरून मागवावा लागला, तर दिवस मोडतात. म्हणून इथे दुरुस्तीपेक्षा वेळेवर केलेली देखभाल स्वस्त पडते.

एसी नेमका काय करतो?

एसी थंडी तयार करत नाही, तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. या कामासाठी त्यात दोन कॉइल असतात. आतल्या युनिटमधली इव्हॅपोरेटर कॉइल उष्णता शोषते, बाहेरच्या युनिटमधली कंडेन्सर कॉइल ती हवेत सोडते. साधारणपणे तांब्याच्या नळ्या आणि त्यांवर अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन्स, अशी कॉइलची रचना असते.

बाहेर ४५ अंश तापमान असेल, तर उष्णता बाहेर टाकण्यासाठी कंडेन्सर कॉइल त्याहूनही गरम असावी लागते. फिन्समध्ये धूळ, कापसाचे तंतू, पालापाचोळा अडकला की हवा खेळत नाही. मग दाब वाढतो, कॉम्प्रेसर जास्त वीज ओढतो आणि शेवटी ट्रिप होतो. त्यात व्होल्टेज कमी-जास्त होत असेल, तर कॉम्प्रेसर जळण्याची भीती वाढते.

आतली कॉइल घाण झाली तर उलटं घडतं. हवा कमी मिळाल्यामुळे कॉइलवर बर्फ धरतो, गारवा कमी होतो आणि पाणी टपकायला लागतं.

कोणतं काम कधी करायचं?

दर १५ दिवसांनी: फिल्टर काढून साध्या पाण्याने धुवावा, सावलीत पूर्ण सुकवून बसवावा. हे काम दुकानातला माणूसही करू शकतो.

दर महिन्याला: बाहेरच्या युनिटभोवतीचा कचरा, खोकी, वेली हटवाव्यात. पाणी जाणारी नळी तुंबली नाही ना, ते बघावं.

वर्षातून किमान दोनदा: उन्हाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळा संपल्यावर तंत्रज्ञाकडून दोन्ही कॉइल, ड्रेन ट्रे आणि पंख्याची सफाई करून घ्यावी. वायरींचे जोड, कपॅसिटर आणि कॉम्प्रेसर किती करंट घेतो, हेही तपासून घ्यावं. रस्त्याकाठच्या धुळीत किंवा दिवसभर चालणाऱ्या युनिटला हे जास्त वेळा लागतं.

कॉइल कशी धुतात?

आधी एमसीबी बंद. नुसतं रिमोटने बंद करणं पुरेसं नाही. कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही झटका देण्याइतका चार्ज राहू शकतो, त्यामुळे झाकण उघडण्याचं काम जाणकारानेच करावं.

मग मऊ ब्रशने कोरडी धूळ काढतात. कॉइलसाठीचं क्लीनर फवारून थोडा वेळ थांबतात आणि कमी दाबाच्या पाण्याने धुतात. बाहेरच्या कॉइलवर पाणी शक्यतो आतून बाहेरच्या दिशेने मारतात, नाहीतर घाण आणखी आत रुतते. गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने फिन्स वाकतात, तर फरशी धुण्याच्या अॅसिडने अॅल्युमिनियम खाल्लं जातं. या दोन चुका सर्रास होतात.

काम नीट झालं का, हे थर्मामीटरने कळतं. एसीत शिरणारी आणि बाहेर पडणारी हवा यांच्या तापमानात साधारण ८ ते १२ अंशांचा फरक मिळायला हवा.

गॅस दरवर्षी भरावा लागतो का?

नाही. गॅस बंद नळ्यांमध्ये फिरत असतो, तो पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती शोधून बुजवल्याशिवाय गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. शिवाय अनेक नव्या एसींमधला आर-३२ गॅस सौम्य ज्वलनशील असतो, म्हणून हे काम प्रशिक्षित माणसाकडेच द्यावं.

पुराचं पाणी शिरलं तर?

जुलै २०२२मध्ये गोदावरीच्या पुराने सिरोंचा तालुक्यातली अनेक गावं वेढली होती. अशा भागात बाहेरचं युनिट जमिनीवर न ठेवता उंच स्टँडवर बसवणं शहाणपणाचं. युनिट बुडालं असेल, तर पाणी ओसरलं म्हणून लगेच सुरू करू नये. आधी गाळ काढून, वायरिंग सुकवून तपासून घ्यावं.

थोडक्यात, गारवा कमी झाला की आधी फिल्टर बघा, मग कॉइल. गॅसचा नंबर त्यानंतर.