कानशीपासून बॅटरीपर्यंत

आकुर्डीत १९७२ साली बजाजची चेतक स्कूटर तयार होऊ लागली. पन्नास वर्षांनी, जून २०२२ मध्ये, त्याच आवारात विजेवरच्या चेतकचा कारखाना सुरू झाला. मधल्या काळात पिंपरी-चिंचवडमधल्या शिकाऊ उमेदवारांचं शिक्षणही पार बदललं.

पाया घातला १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने. पुढच्याच वर्षी एमआयडीसी (महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ) स्थापन झाली आणि इथल्या माळरानांवर कारखाने वाढत गेले. आयटीआयचा मुलगा फिटर म्हणून शॉपमध्ये आला की आधी हातात कानस यायची. व्हाइसमध्ये धरलेला लोखंडी तुकडा तासन्‌तास घासायचा, मग काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडासमोर धरायचा. फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा घासायला सुरुवात. कष्टाचं काम, पण हाताला वळण लागायचं ते तिथेच.

१९७३ च्या दुरुस्तीने पदवी आणि पदविकाधारक अभियंतेही शिकाऊ उमेदवार कायद्याच्या कक्षेत आले.

२००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. वर्ग आणि कारखाना यांची सांगड घालणारी प्रशिक्षणाची जर्मन पद्धतही तिथे रुजली.

आज विजेच्या गाडीवर शिकणारी उमेदवार मुलगी उच्च दाबाच्या नारिंगी केबलला हात लावण्याआधी रबरी हातमोजे तपासते, बॅटरीची जोडणी तोडते, काही मिनिटं थांबते आणि मीटरवर शून्य दिसल्यावरच पाना उचलते.