‘रोमिओ अँड ज्युलिएट’ : निषिद्ध प्रेमाची अलंकारभाषा

विल्यम शेक्सपिअरची ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ ही शोकांतिका १५९५ च्या सुमारास लिहिली गेली व १५९७ मध्ये प्रथम छापली गेली. इटलीतील व्हेरोना शहरातील माँटेग्यू व कॅप्युलेट या घराण्यांचे हाडवैर आणि त्यांच्या मुलांचे निषिद्ध प्रेम हा तिचा विषय. कथेचा आधार आर्थर ब्रुक याचे १५६२ मधील दीर्घकाव्य. त्यातील अनेक महिन्यांचे कथानक शेक्सपिअरने अवघ्या चार-पाच दिवसांत बसवले. या प्रेमाला ना उजेड लाभतो, ना अवधी. त्यामुळे येथील अलंकार केवळ शोभेचे राहत नाहीत. प्रेमिकांना तेवढाच आसरा उरतो.

उसन्या भाषेकडून स्वतःच्या भाषेकडे

आरंभी रोमिओ रोझलिनसाठी झुरत असतो. त्याच्या तोंडी तेव्हा आग आणि गारवा, आजार आणि आरोग्य अशा विरोधाभासांच्या जोड्या येतात. पेट्रार्कच्या परंपरेतील ही ठरीव प्रेमभाषा होय. कॅप्युलेटांच्या मेजवानीत ज्युलिएट भेटताच ती पालटते. तो यात्रेकरू आणि ती पूज्य मूर्ती, या रूपकातून दोघांचा पहिला संवाद घडतो आणि त्यातून चौदा ओळींचे सुनीत पूर्ण होते. परस्परांचे घराणे कळण्यापूर्वीच वैऱ्यांची मुले एकमेकांची यमके जुळवतात.

उजेड आणि अंधार

सज्जातील प्रवेशात रोमिओला ज्युलिएट उगवत्या सूर्यासारखी भासते. ती मात्र सावध आहे. कलेकलेने बदलणाऱ्या चंद्राची शपथ तिला नको असते. घाईने जुळलेले हे प्रेम विजेप्रमाणे क्षणात लोपेल, अशी धास्तीही तिला वाटते. रात्र त्यांना लपवते, दिवस उघडे पाडतो. तिसऱ्या अंकात पक्ष्याच्या आवाजावरून दोघांत वाद होतो. तो रात्रीचा नाइटिंगेल की पहाटेचा चंडोल? टिबॉल्टच्या वधाबद्दल रोमिओला हद्दपारीची शिक्षा झालेली असते. दिवस उजाडल्यावर तो शहरात सापडला तर मृत्यू अटळ. काव्यातील नेहमीचे पक्षी येथे जीवनमरणाचा प्रश्न होतात.

मृत्यू नावाचा वर

पहिल्याच भेटीनंतर ज्युलिएट थडग्याला आपली विवाहशय्या म्हणते. चौथ्या अंकात तिला मृत समजून तिचा पिता मृत्यूलाच जावई ठरवतो. पाचव्या अंकात हे रूपक प्रत्यक्षात उतरते. तिच्या सौंदर्याने थडग्यात लख्ख उजेड पडल्याचे रोमिओ बोलतो. ओठांवरची, गालांवरची लाली त्याला दिसते. पण ती जिवंतपणाची खूण आहे, हे त्याला उमगत नाही. प्रतिमा सत्य सांगत असते आणि ती उच्चारणारा विष घेतो.

नाटकाच्या शेवटी सकाळ होते, परंतु शोकामुळे सूर्य तोंड दाखवत नाही. दोन्ही पिते हात मिळवतात व एकमेकांच्या अपत्यांचे सोन्याचे पुतळे उभारण्याचे वचन देतात. जिवंतपणी ज्यांना एकत्र उजेडात येता आले नाही, त्यांच्या वाट्याला धातूची झळाळी येते.