फळ्यावरचा ठिपका

दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या वर्षांत जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठात रिचर्ड बेकर नावाचे प्राध्यापक वीज आणि चुंबकत्व हा विषय शिकवीत असत. एका तासाला त्यांनी फळ्यावर खडूने ठिपका काढला आणि इथे एक इलेक्ट्रॉन आहे, असे सांगून पुढचे गणित सुरू केले. मीही बरीच वर्षे भौतिकशास्त्र शिकवले आहे आणि असे शेकडो ठिपके काढले आहेत. आम्हा शिक्षकांना त्यात काही वावगे वाटत नाही आणि विद्यार्थीही मुकाट्याने तो ठिपका वहीत उतरवून घेतात. पण बेकर यांच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याला तो ठिपका स्वस्थ बसू देईना. पुंजयामिकी, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्स, तर सांगते की इलेक्ट्रॉन असा एका जागी टाचून ठेवता येत नाही. मग हा ठिपका प्रयोगशाळेत प्रत्यक्ष कधी दाखवता येईल का?

या विद्यार्थ्याचे नाव हान्स डेमेल्ट. जन्म १९२२चा. स्टालिनग्राडच्या वेढ्यातून त्यांची तोफखान्याची तुकडी थोडक्यात निसटली होती. पुढे पश्चिम आघाडीवर ते अमेरिकनांच्या हाती सापडले आणि १९४६मध्ये युद्धकैद्यांच्या छावणीतून सुटून शिकायला आले. त्यांच्या मनातली शंका त्या काळच्या मोठमोठ्या पंडितांनी केव्हाच निकालात काढली होती. खुद्द श्रोडिंगर यांनी १९५२मध्ये लिहिले की, आपण एकट्या अणूवर प्रयोग कधीच करीत नाही. प्राणिसंग्रहालयात इक्थिओसॉर पाळण्याइतकीच ती गोष्ट अशक्य आहे. इक्थिओसॉर म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेले सागरी सरपटणारे प्राणी!

अडचण खरीच होती. अणूमधून एक इलेक्ट्रॉन काढून घेतला की उरतो तो विद्युतभारित अणू, म्हणजे आयन. स्थिर विद्युतक्षेत्राने आयन अधांतरी धरून ठेवता येत नाही, हे अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञाने १८४२मध्येच सिद्ध केले होते. घोड्याच्या खोगिरावर गोटी ठेवून पाहा. पुढे-मागे चढ असतो, पण दोन्ही बाजूंना उतार असल्यामुळे गोटी घरंगळतेच. बॉन विद्यापीठातील वोल्फगांग पाउल यांनी १९५०च्या दशकात यातून वाट काढली. खोगीर स्थिर न ठेवता योग्य वेगाने फिरवत ठेवले तर गोटी एका बाजूने घसरू लागण्याच्या आतच तिथे चढ येतो आणि ती मधोमध राहते. पाउल यांनी विद्युतक्षेत्राची दिशा अशीच अतिवेगाने उलटसुलट करून आयनांना निर्वात पोकळीत अडकवले. या साधनाला त्यांनी नाव दिले 'आयनांचा पिंजरा'.

पिंजरा मिळाला, पण आत आयन सैरावैरा धावत होते. त्यांना शांत कसे करायचे? १९७५मध्ये डेमेल्ट आणि त्यांचे एकेकाळचे सहकारी डेव्हिड वाइनलँड यांनी एक युक्ती सुचवली. समोरून येणाऱ्या आगगाडीची शिट्टी आपल्याला अधिक चढ्या सुरात ऐकू येते. तसेच लेसरकडे धावणाऱ्या आयनाला लेसरचा प्रकाश अधिक कंपनांचा भासतो. म्हणून लेसरचा सूर मुद्दाम किंचित उतरवून ठेवायचा. मग अंगावर धावून येणाऱ्या आयनालाच तो सूर जुळतो आणि प्रकाशाचा प्रत्येक कण त्याला थोडा मागे रेटतो. असे लाखो धक्के बसले की आयन जवळजवळ थिजतो. १९७८मध्ये अमेरिकेत बोल्डर येथे वाइनलँड यांनी आणि जर्मनीत हायडेलबर्ग येथे पीटर टोशेक यांच्या गटाने हे करून दाखवले. १९८०मध्ये टोशेक यांच्या गटाने डेमेल्ट यांच्या साथीने एकट्या बेरियम आयनाचे छायाचित्रही घेतले. फळ्यावरचा ठिपका असा डोळ्यांपुढे आला.

आता बोअर यांच्या १९१३च्या सिद्धांताकडे वळू. अणूतला इलेक्ट्रॉन एका पायरीवरून दुसरीवर उडी मारतो, मध्ये कुठे थांबत नाही, असे बोअर यांचे म्हणणे होते. श्रोडिंगर यांना या उड्यांची भारी चीड होती. १९८६मध्ये सिएटल, हॅम्बुर्ग आणि बोल्डर अशा तीन ठिकाणी त्या प्रत्यक्ष दिसल्या. लेसरच्या उजेडात चकाकणारा आयन एकाएकी विझे आणि काही वेळाने तितक्याच अवचित पुन्हा उजळे. विझलेला असे तेव्हा त्याचा इलेक्ट्रॉन एका वरच्या फळीवर जाऊन बसलेला असे. डेमेल्ट यांनी ही फळीची कल्पना अकरा वर्षे आधीच मांडली होती. दुसऱ्याच वर्षी जर्मनीतील गार्शिंग येथे डीड्रिश आणि वाल्टर यांनी दाखवले की, एकटा आयन एका वेळी एकच प्रकाशकण देतो. दोन एकदम कधी देत नाही. गुप्त संदेशवहनासाठी आज जे एकेका फोटॉनचे स्रोत वापरले जातात, त्यांच्यामागे हेच तत्त्व आहे.

पण या फळीचा सर्वांत मोठा उपयोग झाला तो घड्याळासाठी. घड्याळाला दोन गोष्टी लागतात: नियमित हेलकावा आणि तो मोजण्याची सोय. १९५५मध्ये लुई एसेन यांनी इंग्लंडमध्ये सीझियमचे घड्याळ चालवले आणि १९६७पासून सेकंद म्हणजे सीझियमच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांचा काळ, असे जगाने मान्य केले. ही कंपने सूक्ष्मलहरींची. प्रकाशाची कंपने त्याहून सुमारे लाखपट जलद. म्हणजे पट्टीवरच्या खुणा लाखपट बारीक. आयनाला ज्या प्रकाशाने फळीवर चढवता येते त्याचा सूर अत्यंत नेमका असतो. आयन विझला, म्हणजे आपल्या लेसरचा सूर बरोबर लागला. राहिली मोजणी. इतकी जलद कंपने मोजणारी यंत्रणा नव्हती. थिओडोर हेन्श आणि जॉन हॉल यांच्या 'फ्रिक्वेन्सी कोम्ब'ने, म्हणजे लेसरच्या कंगव्याने, ती अडचण दूर केली आणि २००१मध्ये बोल्डरला पाऱ्याच्या एकाच आयनावर चालणारे घड्याळ सुरू झाले.

ॲल्युमिनियमचा आयन त्याहून गुणी. बाहेरच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांना तो फारशी दाद देत नाही. पण त्याला थंड करण्यासाठी आणि त्याची अवस्था वाचण्यासाठी लागणारा लेसर सोयीचा नाही. म्हणून २००५मध्ये वाइनलँड यांच्या गटाने त्याच्या शेजारी बेरिलियमचा आयन बसवला. हा शेजारी दुभाष्याचे काम करतो. ॲल्युमिनियमचे मनोगत तो आपल्या चकाकण्यातून सांगतो.

एवढ्या अचूकतेचा उपयोग काय, असा प्रश्न मला विद्यार्थी हमखास विचारत. त्याची दोन उत्तरे आहेत. पहिले व्यवहारातले. दिशादर्शक उपग्रहाच्या घड्याळात सेकंदाच्या एक अब्जांश भागाची चूक झाली, तर अंतरात सुमारे तीस सेंटिमीटरची चूक होते. आपल्या आयआरएनएसएस-१ए या उपग्रहावरची तिन्ही रुबिडियम घड्याळे बंद पडली, तेव्हा उपग्रह शाबूत असूनही दिशादर्शनाला निरुपयोगी ठरला. त्याची जागा घेणारा पहिला उपग्रह २०१७मध्ये ठरलेल्या कक्षेत पोचला नाही. दुसरा २०१८मध्ये पोचला.

दुसरे उत्तर अधिक खोल आहे. निसर्गाचे नियम आज आहेत तसेच उद्या राहतील, असे आपण सारेच गृहीत धरतो. ते तपासायचे कसे? बोल्डरच्या शास्त्रज्ञांनी पारा आणि ॲल्युमिनियम या दोन घड्याळांची वर्षभर तुलना केली आणि २००८मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. विद्युतचुंबकीय बलाची मात्रा ठरवणारा स्थिरांक बदलत असता तर दोन्ही घड्याळे एकमेकांपासून फटकून गेली असती. मोजमापाच्या मर्यादेत कोणताही बदल आढळला नाही. २०१०मध्ये त्यांनी एक घड्याळ दुसऱ्यापेक्षा ३३ सेंटिमीटर, म्हणजे जिन्याच्या दोन पायऱ्यांइतके, उंच उचलले. वरचे घड्याळ आइनस्टाइन यांनी सांगितल्याप्रमाणे किंचित पुढे धावू लागले. फरक किती? माणसाच्या ऐंशी वर्षांच्या आयुष्यात सेकंदाचा सुमारे नव्वद अब्जांश भाग!

पाउल आणि डेमेल्ट यांना १९८९मध्ये नॉर्मन रॅमसे यांच्याबरोबर नोबेल मिळाले, तर वाइनलँड यांना २०१२मध्ये सर्ज हारोश यांच्याबरोबर. २०२५मध्ये जाहीर झालेले बोल्डरचे नवे ॲल्युमिनियम घड्याळ एका सेकंदाची चूक करायला सुमारे ५७ अब्ज वर्षे घेईल. विश्वाचे वय त्याच्या पाव हिश्श्याइतकेच आहे. अनेक अणूंवर एकदम चालणारी स्ट्रॉन्शियमची घड्याळेही याच पंक्तीत बसली आहेत. पुण्यात 'आयुका'मध्येही यटर्बियमच्या आयनावर असे घड्याळ उभारण्याचे काम हाती घेतले आहे.

सेकंदाची व्याख्या बदलण्याची तयारी करावी, असा ठराव २०२२च्या आंतरराष्ट्रीय वजनमापे परिषदेत झाला आणि त्यासाठी २०३० हे वर्ष नजरेसमोर ठेवले आहे. त्या दिवशी आपल्या मनगटावरच्या घड्याळात काहीच फरक पडणार नाही. पण दोन ठिकाणच्या उंचीत काही सेंटिमीटरचा जरी फरक असला तरी तिथला काळ एकसारखा नाही, हे आता मोजून सिद्ध झाले आहे. तेव्हा जगाचे घड्याळ नेमके कोणत्या उंचीवर लावायचे, हा प्रश्न येत्या पिढीला सोडवावा लागेल. श्रोडिंगर यांच्यासारखा थोर माणूस ज्याला कायमचे अशक्य म्हणाला, ते तीस वर्षांच्या आत घडले. म्हणून हा प्रश्नही सुटणारच नाही, असे म्हणायला मी तरी धजणार नाही.