परचुरे शास्त्री आणि ‘पिढीजात’ रोग

सेवाग्रामच्या आश्रमात परचुरे शास्त्रींची कुटी दाखवितात. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या बरोबर असलेले हे संस्कृत पंडित १९३९ साली कुष्ठरोगाने जर्जर होऊन आश्रमाच्या दारी आले. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले, स्वतः त्यांचे अंग चोळले. हा प्रसंग सर्वश्रुत आहे. पण खात्रीचे औषध मात्र तेव्हा गांधीजींपाशी नव्हते, कोणापाशीच नव्हते.

आणि घरोघरी समजूत अशी की, हा रोग रक्तातून, पिढीजात येतो. ही समजूत केवळ खेडवळांची म्हणावी, तर नॉर्वेतील बर्गेन शहरी डॅनियल्सनसारखा नामांकित वैद्य तेच म्हणे. त्याने रोग्याच्या गाठीतील द्रव्य स्वतःला टोचून घेतले. रोग झाला नाही, आणि त्याचे मत पक्के झाले! १८७३ साली रोगजंतू दाखविला तो त्याच्याच जावयाने, हॅन्सेनने. (सासऱ्याचे मत खोडणे कोणत्याही देशात सोपे नसावे.) तरी डॅनियल्सनची चूक समजण्याजोगी होती. बहुतेकांना हा जंतू बाधतच नाही. ज्यांना बाधतो त्यांच्या अंगी तो वर्षानुवर्षे दबून राहतो. बापामागून मुलाला झाला, की वारसाच वाटावा.

औषधाची कथा आणखी चमत्कारिक. डॅप्सोन १९०८ सालीच जर्मनीत तयार झाले होते, पण त्याचा हा गुण कोणास ठाऊक नव्हता. १९४१ साली अमेरिकेत कारव्हिलला फॅजे यांनी त्याच कुळातले प्रोमिन वापरून पाहिले आणि रोगी सुधारू लागले. शास्त्रीबुवा १९४५ साली, मनोहर दिवाणांच्या दत्तपूरच्या कुष्ठधामात वारले. जवळजवळ त्याच सुमारास मद्रासकडील चिंगलपेटला डॉ. कॉक्रेन डॅप्सोनचे प्रयोग करू लागले होते.

पुढे डॅप्सोनची स्वस्त गोळी आली, तरी काम भागले नाही. गोळी जंतू मारते. मेलेला मज्जातंतू जिवंत करीत नाही. तव्यावर बोट भाजले तरी कळत नाही, अशी वेळ येण्यापूर्वीच रोगी सापडावयास हवा. आणि मुलीचे लग्न मोडेल या भीतीने चट्टा लपविणारे घर तो सापडू देईना. म्हणून १९५१ साली वर्ध्यास निघालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. वारदेकरांनी कार्यकर्ते घरोघर धाडले: आधी अंग तपासायचे, रोग पिढीजात नाही हे पटवायचे, मग गोळी.

एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासा झाला, तेव्हा १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. समजूत त्याहून चिवट निघाली. घटस्फोटाचे कारण म्हणून कुष्ठरोगाचा उल्लेख आपल्या विवाहविषयक कायद्यांतून निघाला तो २०१९ साली.