'चौथं लागलं' म्हणजे नेमकं किती?

फर्दापूरला मुलाखती घ्यायला जायला लागले तेव्हा माझ्या वहीत वयासाठी एकच रकाना होता. घरात कोण कोण, नातं काय, वय किती. वय हा सगळ्यात सोपा प्रश्न, असं मला वाटायचं. जमीन, स्थलांतर, लग्नं यावर लोक बोलायला वेळ घेतात. वय तर कुणीही पटकन सांगतं.

एका घरी ओट्यावर एक छोटी खेळत होती. मी विचारलं, "किती वर्षांची?" आजी म्हणाल्या, "चौथं लागलंय तिला." आतून तिची आई म्हणाली, "चार वर्षांची हाय." मी वहीत ४ लिहिलं. थोड्या वेळाने आईने लसीकरणाचं कार्ड काढून दाखवलं. त्यावरच्या तारखेवरून हिशेब केला तर पोरगी तीन वर्षं दोन महिन्यांची निघाली!

यात खोटं कुणीच बोललं नव्हतं. आजींचं उत्तर तर काटेकोर बरोबर होतं. तीन पुरी झाली की चौथं लागतं. आईने 'चौथं'चं 'चार' केलं आणि मी त्या 'चार'चा अर्थ 'चार पूर्ण' असा घेतला. दहा महिने कुठे वाढले, तर आजीच्या वाक्यापासून माझ्या वहीपर्यंतच्या प्रवासात. ही चूक मी एकदा नाही, कित्येक घरांत केली असणार. म्हणून हे सविस्तर लिहितेय. जुनी रजिस्टरं किंवा जनगणनेचे तक्ते वापरणार असाल तर हा प्रश्न तुमच्याही वाट्याला येणार आहे.

मराठीत वय दोन पद्धतींनी सांगतात. 'पाच पुरी झाली' ही एक, 'सहावं लागलं', 'सहावं चालू आहे' ही दुसरी. पहिलीत संपलेली वर्षं मोजतात, दुसरीत चालू वर्षाचा क्रमांक सांगतात. एकच मूल, एकच दिवस, आणि दोन वेगळे आकडे. ही दुसरी रीत अडाणीपणाची खूण नाही, हे आधी डोक्यातून काढा. मुंजीसाठी आश्वलायन गृह्यसूत्रात आठवं वर्ष सांगितलंय, आणि पर्याय म्हणून गर्भापासूनचं आठवं. गर्भाष्टम धरलं तर बटू जन्मापासून सव्वासहा वर्षांचाही असू शकतो. म्हणजे 'आठव्या वर्षी मुंज झाली' असं चरित्रात वाचून जन्मसालात सरळ आठ मिळवलेत तर एखाद-दीड वर्षाने चुकाल. दक्षिण कोरियात जन्मताच एक वर्ष धरून दर नववर्षाला एक वाढवायची रीत होती. तिथे २०२३ च्या जूनपासून सरकारी कामांसाठी पूर्ण झालेली वर्षं हेच वय ठरवणारा कायदा लागू झाला.

आता जनगणनेकडे येऊ, कारण आपल्यातले बरेच जण तिथूनच सुरुवात करतात. १९२१ च्या शिरगणतीत गणकांना सूचना होती, पूर्ण झालेली वर्षं लिहा. १९३१ ला, जे. एच. हटन जनगणना आयुक्त असताना, सूचना बदलली आणि सर्वांत जवळच्या वाढदिवसाचं वय लिहायला सांगितलं. चार वर्षं सात महिन्यांचं मूल पाच, चार वर्षं चार महिन्यांचं चार. सहा महिन्यांच्या आतलं तान्हं शून्य. जी गोष्ट आईबाप सवयीने करत होते तिला सरकारने थेट नियमच बनवलं, असं मला हे वाचताना वाटलं (अर्थात आईबाप तीन वर्षं दोन महिन्यांचेही चार करतात, ही गोष्ट वेगळी).

गंमत इथे संपत नाही. लोक ५, १०, १५ अशा गोल आकड्यांवर वय सांगतात हे माहीत असल्यामुळे १९३१ च्या तक्त्यांसाठी ४ ते ६, ७ ते १३, १४ ते १६, १७ ते २३ असे आलटून पालटून तीन आणि सात वर्षांचे गट केले. गोल आकडा प्रत्येक गटाच्या मधोमध यावा, ही त्यामागची कल्पना. मग तीन वर्षांच्या गटातले निम्मे लोक खालच्या आणि निम्मे वरच्या पाच वर्षांच्या गटात टाकले. म्हणजे १९३१ च्या छापील तक्त्यात ० ते ५ या वयोगटापुढे जो आकडा दिसतो तो मोजलेला नाही, बनवलेला आहे. तो १९२१ च्या आकड्याशेजारी ठेवून 'मुलांची संख्या इतकी वाढली' असं लिहिलंत तर तुमचा परीक्षक एका वाक्यात तुमचं प्रकरण उडवेल.

फर्दापूरसारख्या गावाला आणखी एक पीळ आहे. १९४८ पर्यंत हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आणि जवळच जामनेरकडचं खानदेश इंग्रजांचं. संस्थानात कागदोपत्री फसली साल चालायचं, ते ऑक्टोबरात बदलायचं. फसली १३४० म्हणजे १९३० चा शेवट आणि १९३१ चा बराचसा भाग. त्यात ५९० मिळवायचे की ५९१, हे महिन्यावर ठरतं. जुन्या कागदावर नुसतं साल असेल तर इसवी सन काढताना एका वर्षाची चूक अगदी सहज होते. त्यावर चालू वर्षाची रीत चढली की दोन वर्षांचा फरक तयार! मग आपण म्हणतो, 'स्रोत अविश्वसनीय आहे.'

शाळेची नोंद तर सगळ्यांच्या ओळखीची. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसं इतकी का, यावर विनोद पुष्कळ झाले. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की पोरगं शाळेजोगतं. वडील म्हणायचे, सहावं लागलंच आहे म्हणा. रजिस्टरला तारीख हवी, मग १ जून. श्रावण-भाद्रपदातलं पोर कागदावर दोन-तीन महिन्यांनी मोठं झालं.

हे दोन-तीन महिने पुढे परत येतात. महिन्याच्या १ तारखेचा जन्म असलेला राज्य शासनाचा कर्मचारी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३१ मे हा आपल्याकडे निवृत्त्यांचा मोठा दिवस. माझे एक काका पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचे, दाखल्यावर १ जूनचे. अट्ठावन्नाव्या वाढदिवसाच्या तीन महिने आधी हार घालून घरी आले. तारीख बदलायचा अर्ज नोकरीला लागल्यापासून साधारण पाच वर्षांत करायचा असतो, हे त्यांना कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तो नियम महाराष्ट्र नागरी सेवा (सेवेच्या सर्वसाधारण शर्ती) नियम, १९८१ मधला, क्रमांक ३८. तो तुम्ही वाचाच, कारण त्यातच असंही आहे की फक्त जन्मसाल माहीत असेल तर १ जुलै आणि साल-महिना माहीत असेल तर १६ तारीख धरावी. म्हणजे सेवापुस्तकांवर काम करताना १ जुलै किंवा कुठल्याही महिन्याची १६ तारीख फार वेळा दिसली तर समजा, ती तारीख नियमाने दिलेली आहे, दाईने सांगितलेली नाही.

पण आईबाप नेहमी वय वाढवूनच सांगतात असा निष्कर्ष काढू नका. एसटीत पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. अजिंठा टी पॉइंटवर बसमध्ये चढणाऱ्या आईला कंडक्टरने विचारलं की तीच पोरगी 'पाच व्हायचीय अजून' असते. आणि जूनमध्ये पहिलीच्या प्रवेशाला तिचं सहावं लागलेलं असतं. इथे सरकारही मागे नाही. पहिलीसाठी सहा वर्षं ३१ डिसेंबरपर्यंत पूर्ण झाली तरी चालतात, त्यामुळे जूनमधलं साडेपाच वर्षांचं मूल सरकारच्या लेखी सहाचंच. नोंद कुणी, कशासाठी विचारून घेतली, हे कळल्याशिवाय आकडा कुठल्या बाजूला झुकलाय ते सांगता येत नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला वाटेल, दहा महिन्यांनी काय बिघडतं? कुपोषणावर काम करणाऱ्या मैत्रिणीने मला जागतिक आरोग्य संघटनेचा वजनाचा तक्ता दाखवला. अडीच वर्षांच्या मुलग्यासाठी 'कमी वजन' १०.५ किलोच्या खाली सुरू होतं, तीन वर्षांच्या मुलग्यासाठी ११.३ च्या खाली. ११ किलोचा अडीच वर्षांचा मुलगा ठीक आहे. 'तिसरं चालू'चं 'तीन' झालं की तोच मुलगा कुपोषितांच्या यादीत जातो. म्हणून चांगल्या सर्वेक्षणात वय महिन्यांत काढतात, आणि कागद नसेल तर सण-घटनांचं स्थानिक कॅलेंडर घेऊन आईला विचारतात: दिवाळीआधी की नंतर, पेरणीत की सोंगणीत?

भूतकाळातल्या आईला हे विचारता येत नाही, पण रजिस्टरला थोडंफार विचारता येतं. मी आता कुठलंही रजिस्टर उघडलं की आधी जन्ममहिने मोजते. जूनचं शिखर दिसलं की ते रजिस्टर जन्माबद्दल कमी आणि प्रवेशाबद्दल जास्त बोलतंय. मग भावंडं शोधते. जुळी नसलेल्या दोन सख्ख्या भावंडांत सहा-सात महिन्यांचं अंतर निघालं तर निदान एक तारीख ढकललेली आहे. आणि एकाच व्यक्तीची दुसरी नोंद मिळाली, उदाहरणार्थ खानदेशात आजोळ असेल तर तिथला गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, तर दोन्ही नोंदींतला फरक पाहते. चुका विस्कळीत असतील तर फरक कधी अधिक, कधी उणे येतो. तो सारखा एकाच दिशेला आणि वर्षाच्या आत राहिला तर बहुधा चालू वर्षाचीच मोजणी आहे. तिथे 'दुरुस्ती' म्हणून सरसकट एक वजा करायचा मोह होतो. करू नका, पाच पुरी झालेलं मूल आणि पाचवं लागलेलं मूल एकाच पानावर असू शकतं.

वहीत आता दोन रकाने आहेत, 'सांगितलेलं' आणि 'पुरी'. पहिल्यात आकडा न लिहिता वाक्यच जसंच्या तसं लिहिते: चौथं लागलंय, चौथं सरत आलं, चार झाली गेल्या पंचमीला. अडचण आधीच्या मुलाखतींची आहे. त्यांत नुसते आकडे आहेत. रेकॉर्डिंग मात्र ठेवलंय, ते पुन्हा ऐकायला घेतलंय, आणि पहिल्याच तासात दोन 'पाच' सापडले, जे मुळात 'पाचवं' होते.