लिमातला कचरा

पेरू देशाची राजधानी लिमा. १२ सप्टेंबर १९९२ च्या रात्री एका नृत्यशाळेच्या वरच्या मजल्यावर पोलिसांनी आबिमाएल गुस्मानला पकडलं. हा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक म्हणजे 'शायनिंग पाथ' या माओवादी संघटनेचा सर्वेसर्वा. १९८० पासून त्याने देश वेठीला धरला होता, आणि सापडला तो रक्ताचा थेंबही न सांडता!

कसा? पोलिसांचा एक छोटा गट त्या घराचा कचरा तपासत होता. दिसायला माणसं मोजकी, कचरा मात्र जास्तच. त्यात सोरायसिसच्या मलमाच्या रिकाम्या ट्यूबा. गुस्मानला हा त्वचारोग आहे हे पोलिसांना ठाऊक होतं. आम्ही प्रोग्रामर रात्ररात्र लॉग वाचतो ना, अगदी तसलंच किचकट काम.

आता त्याच वर्षातली दुसरी पद्धत बघा. एप्रिलमध्ये अध्यक्ष फुजिमोरींनी संसद बरखास्त केली. बहुसंख्य लोक खूश! १६ जुलैला संघटनेने लिमात भीषण बॉम्बस्फोट केला. दोनच दिवसांनी लष्कराच्या 'कोलिना' टोळीने ला कांतुता विद्यापीठातून ९ विद्यार्थी आणि १ प्राध्यापक उचलून नेले आणि ठार मारले.

अटकेचं श्रेय मात्र फुजिमोरींना मिळालं. त्या रात्री ते मासेमारीला गेले होते! ला कांतुतासह इतर गुन्ह्यांसाठी त्यांना २५ वर्षांची शिक्षा झाली, ती थेट २००९ मध्ये.

लोकांना नावं ठेवणं सोपं आहे. घराबाहेर बॉम्ब फुटत असताना कडक माणूस हवासा वाटणारच. पण गुस्मानला पकडलं ते कचरा चिवडणाऱ्यांनी. ते दहा जण मारून काय साधलं, हे मला तरी अजून कळलेलं नाही.