वैद्याचा मोबदला : खळ्यापासून मोबाईलपर्यंत



तालुक्याच्या गावी एखाद्या दवाखान्यात अलीकडे गेला असाल, तर टेबलावर एक लहानशी पाटी तुम्ही पाहिली असेल. तीवर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन असतो. डॉक्टर तपासतात, चिठ्ठी लिहून देतात आणि कंपाउंडर त्या चौकोनाकडे बोट दाखवतो. रोग्याबरोबर आलेला मुलगा खिशातून मोबाईल काढतो, चौकोनासमोर धरतो, काही आकडे दाबतो, आणि झाले! पैसे पोचले. शेजारी बसलेली आजी मात्र विचारते, "अरे, पैसे दिलेस केव्हा? मला तर काहीच दिसलं नाही."

आजीचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. पैसे दिसले नाहीत, तर निदान हिशोब तरी दिसला पाहिजे. वैद्याला किती द्यायचे, कशाच्या रूपाने द्यायचे आणि केव्हा द्यायचे, हा प्रश्न फार जुना आहे. आज त्याचाच थोडा इतिहास पाहू या.

सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी आजच्या इराकमधील बाबिलोन नगरीत हम्मुराबी नावाचा राजा राज्य करीत होता. त्याने आपले कायदे दगडावर कोरून घेतले. तो दगड आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात शस्त्रवैद्याचा मोबदलाही आहे. वैद्याने मोठी जखम बरी केली, तर वरच्या दर्जाच्या माणसाने १० शेकेल चांदी द्यावी, सामान्य माणसाने ५ द्यावी, आणि गुलामासाठी त्याच्या धन्याने २ द्यावी. रोगी दगावला तर वैद्याचा हात तोडावा, असाही एक कठोर नियम आहे. तो सोडून द्या. पण दर आधी ठरवावा, उघड लिहून ठेवावा आणि ऐपत पाहून कमीजास्त घ्यावा, ही गोष्ट त्या काळीही माणसाला सुचली होती, हे ध्यानात घ्या.

आता आपल्या गावाकडे येऊ. आपल्याकडे बलुतेदारी होती, हे तुम्हाला सांगायला नको. सुतार, लोहार, कुंभार, चांभार वर्षभर काम करीत आणि सुगीला खळ्यावर येऊन धान्याचा वाटा नेत. बारा बलुतेदारांच्या नेहमीच्या यादीत वैद्याचे नाव मात्र नाही. गळू फोडायचे, तुंबडी लावायची, तर न्हावी येई, आणि ते काम त्याच्या बलुत्यातच धरले जाई. झाडपाल्याचा जाणकार वैद्य असला, तर कुणी त्याला पायलीभर धान्य देई, कुणी गूळ, कुणी नारळ. ज्याच्यापाशी काहीच नसे तो दोन दिवस शेतात राबून उपकार फेडी.

या पद्धतीत एक मोठा गुण होता. घेणारा थांबत असे. आषाढात ताप आला आणि घरात दाणा नसला, तरी पुडी मिळे; देणे सुगीला. पण जुने ते सारे सोने, असे मानू नका. त्या व्यवहारात लिहिलेले काही नसे. कुणी किती दिले, कुणाकडे किती राहिले, हे सांगेल त्याच्या तोंडावर. ज्याचा शब्द गावात चाले, त्याचा हिशोब खरा. आणि ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले होते, त्याच्या दारी वैद्य यायलाच तयार नसे. तिथे थांबणे कसले नि सुगी कसली!

पुढे इंग्रजी अमलात रोख पैशाचा व्यवहार वाढला. सारा रोख, मजुरी रोख, तशी डॉक्टरची फीही रोख झाली. याच काळात पोस्टाने दोन सोयी केल्या. १८७७ साली व्ही. पी. सुरू झाली आणि १८८० साली मनिऑर्डर. व्ही. पी.ने औषधाची बाटली गावात येई आणि पैसे पोस्टमनच्या हातावर ठेवले की मिळे. मुंबईच्या गिरणीत राबणारा मुलगा कोकणात किंवा घाटावर आईच्या औषधाला मनिऑर्डर धाडी. दूरच्या माणसाने दवापाण्याचे पैसे द्यायचे, ही युक्ती मोबाईलने काढलेली नाही, बरं का! शिवाय मनिऑर्डरीला एक पोचपावती असे. आईचा अंगठा उठवलेली ती पावती मुलाकडे परत जाई, आणि पैसे पोचल्याचा त्याला भरवसा येई.

रोखीबरोबर नवी अडचणही आली. दुखणे काही पगाराची तारीख पाहून येत नाही. अमेरिकेत टेक्सास प्रांतात डॅलस नावाचे शहर आहे. १९२९ साली तिथल्या बेलर इस्पितळाच्या कारभारावर जस्टिन किंबॉल नावाचे गृहस्थ होते. पूर्वी ते त्या शहराच्या शाळांचे अधीक्षक होते. इस्पितळाच्या वह्या चाळताना थकलेल्या बिलांवर त्यांना ओळखीची नावे दिसू लागली. ती शाळामास्तरांची होती! तेव्हा त्यांनी अशी योजना काढली की, प्रत्येक शिक्षकाने महिन्याला ५० सेंट, म्हणजे अर्धा डॉलर, भरावा आणि त्याबदली वर्षाकाठी २१ दिवसांपर्यंत इस्पितळात उपचार घ्यावेत. आजार येण्याआधी सर्वांनी थोडेथोडे द्यायचे आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याने घ्यायचे. अमेरिकेतील इस्पितळ-विम्याची मोठी चळवळ याच रोपट्यातून वाढली. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्याच व्यवसायातील लोकांच्या थकबाकीतून ही वाट निघाली, हे विसरू नका.

विमा झाला, पण ज्याच्यापाशी ना पगार ना बँकेचे खाते, त्याचे काय? याचे एक उत्तर आफ्रिकेतून आले. २००७ च्या मार्चमध्ये केनिया देशात 'एम-पेसा' नावाची सेवा सुरू झाली. 'एम' म्हणजे मोबाईल. आणि 'पेसा' हा स्वाहिली शब्द आपल्याच पैशावरून गेलेला! कोपऱ्यावरच्या दुकानदाराजवळ रोख द्यायची, ती फोनच्या खात्यात जमा व्हायची, आणि साध्या बटणांच्या फोनवरून संदेश धाडला की दुसऱ्या गावच्या माणसाला मिळायची.

शेजारच्या टांझानियात याचा एक फार चांगला उपयोग झाला. अडलेल्या बाळंतपणात काही बायकांना आतून अशी इजा होते की, लघवी सतत गळत राहते. घरचेदारचे त्यांना दूर करतात. दार-एस-सलाम शहरातील एका धर्मादाय इस्पितळात ही शस्त्रक्रिया फुकट होत असे. तरीही खेड्यातल्या बायका येईनात. का? एस.टी.चे म्हणतो तसे बसचे भाडे त्यांच्यापाशी नव्हते! २००९ पासून इस्पितळाने गावोगावच्या विश्वासू कार्यकर्त्यांना मोबाईलवरून भाड्याचे पैसे पाठवायला सुरुवात केली. कार्यकर्त्याने तिकीट काढून द्यायचे आणि बाईला बसमध्ये बसवून द्यायचे. इथे पैसा उलट्या दिशेने गेला, दवाखान्याकडून रोग्याकडे. साधन तेच, पण वापरणाऱ्याच्या मनात रोगी आधी होता.

आपल्या देशात ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत यूपीआय ही पद्धत सुरू झाली. चौकोनात दवाखान्याच्या खात्याचा पत्ता असतो. मोबाईल तो वाचतो, तुमचा गुप्त आकडा विचारतो, आणि तुमच्या बँकेतून पैसे त्यांच्या बँकेत जातात. मार्च २०२२ पासून साध्या बटणांच्या फोनवरूनही ही सोय झाली. डिसेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने इस्पितळे आणि शिक्षणसंस्था यांच्यासाठी एका वेळची मर्यादा १ लाखावरून ५ लाख रुपये करण्याचे जाहीर केले. मध्यरात्री रोगी दाखल करायचा आणि पैसे देणारा भाऊ परगावी, अशा प्रसंगी या सोयीचे मोल कळते. एक खूणगाठ मात्र बांधा. गुप्त आकडा लागतो तो पैसे देताना. घेताना कधीच लागत नाही. "तुमचे पैसे परत करायचे आहेत, आकडा सांगा," असे म्हणणारा लुबाडायलाच आलेला असतो.

आता आजीच्या प्रश्नाकडे परत येऊ. मोबाईलवर संदेश येतो, अमुक रुपये गेले. पैसे गेले एवढेच तो सांगतो. कशाचे गेले, हे सांगत नाही. तपासणीचे किती, सुईचे किती, औषधाचे किती, हे बिलावरच कळते. तेव्हा संदेश म्हणजे बिल नव्हे! १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, मोबदला घेऊन केलेले उपचार ही ग्राहक कायद्याखालची सेवा आहे. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांत फी पाटीवर लावावी आणि उपचारापूर्वी सांगावी, असे आहे. म्हणून आधी विचारायला संकोचू नका आणि नंतर बिल मागायला लाजू नका. गुरुजींनी वर्गात एखादे बिल फळ्यावर मांडून पोरांकडून बेरीज करून घेतली, तर तीच मुले उद्या घरच्यांना आधार होतील.

आणि डॉक्टरमंडळींना एक विनंती. मोबाईलला सुगी कळत नाही, माणसाला कळते. पैसे देणे सोपे झाले, म्हणून पैसे असणे सोपे झालेले नाही. हम्मुराबीच्या दगडावरचा उघड दर, मनिऑर्डरीची पोचपावती आणि खळ्यापर्यंत थांबण्याची माणुसकी, या तिन्ही गोष्टी त्या चौकोनाच्या शेजारी असल्या, तर आजीला काही दिसले नाही तरी चालेल. तिला भरवसा असेल.